कोर्निल्याच्या वरचे गडगे

इटलीच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांचा दिवस असला की आदल्या रात्री मी समुद्राचा अंदाज बघून मगच झोपते. ला स्पेत्सियाहून सुटणारी बोट उधाण असलं की रद्द होते, आणि आमच्या सहलीतल्या मंडळींनी तर डोंगराला चिकटलेली ती गुलाबी-पिवळी घरं बोटीतूनच बघायची असं मनाशी पक्कं केलेलं असतं. त्या सप्टेंबरात नेमकं तेच झालं. लख्ख ऊन पडलेलं, पण धक्क्यावर तिकीटखिडकी बंद. वारा नसला तरी बाहेर लाटा मोठ्या होत्या, आणि रिओमाज्जोरे, मानारोलाच्या चिंचोळ्या धक्क्यांना अशा लाटांत बोट लावता येत नाही. दोघा-तिघांचे चेहरे पडले. पैसे भरून आलेल्या माणसाला वाईट वाटणारच. मी सगळ्यांना घेऊन रेल्वे स्थानक गाठलं.

या किनाऱ्यावर रेल्वे 1874 साली पूर्ण झाली. त्याआधी या पाच गावांना होड्या आणि खेचरांच्या वाटा, एवढाच आधार होता. आजही मार्ग बराचसा बोगद्यातूनच जातो. मी गाडीत सगळ्यांना बजावून ठेवते, "डबा बोगद्यात थांबला तरी घाबरू नका, दार उघडलं की उतरा." वेर्नात्साचा फलाट इतका तोकडा आहे की मागचे लोक अंधारात बसून राहतात आणि गाडी निघून जाते.

बोटीने गेलो असतो तर कोर्निल्या खालूनच बघून पुढे गेलो असतो, कारण पाचांपैकी त्या एकाच गावाला बंदर नाही. ते समुद्रापासून सुमारे 100 मीटर उंच कड्यावर बसलंय. स्थानकापासून वर जायला लार्दारिनाचा विटांचा जिना आहे, पावणेचारशेच्या वर पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांना मिनीबसने पाठवलं, बाकीचे चढलो. वर चौकात कॉफी झाली आणि आमची स्थानिक गाईड म्हणाली, वेर्नात्साच्या वाटेवर थोडं चालू या, द्राक्षांची तोडणी चाललीय.

तिथे एका वळणावर उतारावरच्या पायरीशेताचा दगडी बांध ढासळला होता आणि साठीचा एक माणूस तो पुन्हा रचत होता. आमच्यातले रत्नागिरीकडचे एक काका, वय सत्तरीपुढचं, थांबले ते थांबलेच. "अगो, हे तर आमचे गडगे!" असं म्हणून ते सरळ त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

काकांच्या वडिलांनी कलमांच्या बागेला गडगे घातलेले, लहानपणी दगड पुरवायचं काम काकांचं. त्यांनी बांधाच्या पोटाकडे बोट दाखवलं. दर्शनी बाजूला मोठे दगड, सांध्यावर सांधा येऊ न देता बसवलेले, आणि मागे बारीक दगडांचं भरण. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं, म्हणून मागच्या मातीचा भार भिंतीवर साचत नाही. सिमेंट भरलं तर पाणी तुंबतं आणि भिंत पोट काढते. गाईडला यातलं काही भाषांतरित करावंच लागलं नाही. त्या माणसाने एक दगड ठेवला, तो डुलत होता. काकांनी ढिगातून एक कपची निवडली आणि खाली सारली. दगड बसला. त्याने हाताने दाबून पाहिला आणि पुढचा दगड काकांच्याच हातात दिला.

मग काकांनी गाईडकरवी विचारलं, "मुलगा करतो का हे काम?" मुलगा ला स्पेत्सियात नोकरीला होता. काका म्हणाले, "माझाही पुण्यात."

मला हे सगळ्यांनी बघावंसं वाटतं ते याचसाठी. 1997 मध्ये युनेस्कोने या किनाऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो माणसांनी शेकडो वर्षं खपून घडवलेल्या या उतारांमुळेही. घरं त्यांच्या पायथ्याशी आहेत. वर शेती सुटली की बांध पडतात, बांध पडले की डोंगर सुटतो. 25 ऑक्टोबर 2011 ला काही तासांच्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखल-दगडांनी भरून गेल्या, माणसं दगावली. पाऊस प्रचंड होता हे खरंच, पण ओस पडलेल्या शेतांनी नुकसान वाढवलं, असं तिथले लोक स्पष्ट सांगतात.

पुढे वेर्नात्सात पोचल्यावर मी ते सगळं सांगितलं तेव्हा मंडळी घरांकडे कमी आणि वरच्या उताराकडे जास्त बघत होती. बंदराजवळ शाकाहारी मंडळींना फारिनाता मिळाला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, भट्टीत भाजलेला, कडेला कुरकुरीत. काकूंनी दोनदा मागवला. मानारोला घाईत झालं आणि मोंतेरोस्सो राहून गेलं, त्याबद्दल एका कुटुंबाने नाराजी सांगितली, ती मी लिहून घेतली.

रात्री कार्यालयाला अहवाल पाठवताना मी सुचवलं की बोट असो वा नसो, कोर्निल्या आणि वरची वाट कार्यक्रमात पक्की धरा, त्यासाठी एक गाव कमी करावं लागलं तरी चालेल. पुढच्या हंगामाच्या पत्रकात ते छापून आलं.