व्यक्तिमत्त्व विकासाचा शोध आणि नेमका प्रश्न

सोलापुरातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींमध्ये मी बरीच वर्षे वावरतो आहे, आणि पुस्तक मिटल्यावर ही मुले मोबाइलवर काय शोधतात, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’, ‘यशस्वी कसे व्हावे’ असे प्रश्न बहुतेक जण आता बोलूनच विचारतात. २०१७ मध्ये गूगलने मराठीत आवाजी शोधाची सोय केली, त्यामुळे टायपिंगची अडचण राहिली नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलेही मराठीत सहज विचारतात.

मात्र मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळते, आणि त्यात ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेली महागड्या शिबिरांची जाहिरात सर्वांत वर झळकू शकते.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तर जिथे तिथे आढळते. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली नोंदवले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळाले आणि चेहऱ्याचा संदर्भही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडण्याचा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला आणि त्याचा मध्यक ६६ दिवसांचा होता. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. पहाटे पाचला उठण्याचा नेम तीन आठवड्यांनी मोडला म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या मुलापर्यंत ही माहिती पोहोचायलाच हवी, आणि त्यासाठी शोधताना प्रश्नापुढे ‘संशोधन’ एवढा एक शब्द जोडला तरी समोर येणारी पाने पुष्कळ बदलतात.

तसेच ‘आत्मविश्वास’ शोधण्याऐवजी ‘मुलाखतीत उत्तर आठवले नाही तर काय बोलावे’ असे विचारले, तर हाती लागलेल्या गोष्टीचा त्याच संध्याकाळी मित्रासमोर बसून सराव करता येतो.

काही शोध मात्र वरवर व्यक्तिमत्त्व विकासाचे दिसतात आणि आत दुखणे वेगळेच असते. अभ्यासात मन लागत नाही, झोप उडाली आहे, कशातच रस उरलेला नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर आणखी व्हिडिओ पाहत बसू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या फोनवरून मानसिक आरोग्याबाबत मदत देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.