पंक्चर – १,२०,०००

होई आन, व्हिएतनाम
शनिवार, १४ जून २०२५. प्रवासाचा १३४ वा दिवस.

शनिवारी सकाळी आम्ही आठवड्याचा जमाखर्च जुळवतो. ज्याने खर्च केला त्याने वहीत लिहायचं आणि बेरीज मी करायची, हे निघालो तेव्हापासून ठरलेलं. आज हिशोब जुळला. अगदी शेवटच्या हजार डाँगपर्यंत जुळला, आणि मी तिथेच थबकले. या देशात आल्यापासून असं एकदाही झालेलं नाही. हजार डाँग म्हणजे आपले साधारण तीन रुपये. दुकानदार वरचे हजार-दोन हजार सोडून देतात, कधी आपण सोडतो. दर आठवड्याला दहा-वीस हजारांची तूट असतेच आणि मी ती 'किरकोळ' म्हणून टाकून मोकळी होते. आज किरकोळमध्ये टाकायला काही उरलंच नव्हतं.

म्हणून एकेक ओळ वाचायला घेतली. मंगळवार: पंक्चर, १,२०,०००. बुधवार: औषधं, १,५०,०००. गुरुवार: दाढीचं सामान, १,२०,०००. शुक्रवार: शहाळी, ९०,०००. अक्षर माझ्या नवऱ्याचं.

मंगळवारी वटपौर्णिमा होती. आईने आदल्या दिवशी फोनवर आठवण करून दिली होती, म्हणून मी सकाळीच सायकल काढून भातशेतीपलीकडच्या देवळाजवळच्या वडापर्यंत जाऊन आले होते. तिला फोटो पाठवला. मग बाजार, मग समुद्र. सायकल दिवसभर माझ्याकडेच होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

हा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी वही घेऊन गेले आणि विचारलं, "पंक्चर कुठे काढलंस रे?" त्याने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला. म्हणाला, "सांगणार होतो."

सोमवारी रात्रीची गोष्ट. इथे दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात. नुसते आकाशकंदील, आणि नदीत लोकांनी सोडलेले कागदी दिवे. त्या गर्दीत मी पुलाच्या कठड्याशी उभी होते आणि हा खाली काठावर जाऊन एका आजीकडून दिवा घेऊन आला. वीस हजारांचा. वीस हजारांची नोट निळी असते. पाच लाखांची नोटही निळीच असते, थोडी हिरवट झाक असलेली, आणि दीडेक सेंटिमीटर लांब. दोन्हींवर हो ची मिन्ह. उजेडात मागची बाजू पाहिली तर वीस हजारांवर इथलाच जपानी पूल छापलेला दिसतो, आम्ही उभे होतो त्याच्या जवळचाच. अंधारात काय दिसणार? आजीने नोट कमरेच्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. खोलीवर आल्यावर याने पाकीट उघडलं तेव्हा वीस हजारांची नोट जागच्या जागी होती.

चार लाख ऐंशी हजार डाँग. सोळाशे रुपये.

"तिनेही बघितलं नसणार गं, अंधार होता," हे त्याने मला दोनदा सांगितलं. मला आजीचा राग येईल असं त्याला वाटत होतं. मला राग आला होता तो आधी त्याचाच. त्याच्या चुकीचा नाही, त्या चार ओळींचा. चार दिवस तो रोज संध्याकाळी वही उघडून त्या नोटेचा एकेक तुकडा कुठे लपवता येईल याचा विचार करत होता. औषधं लिहिली, कारण औषधांबद्दल मी कधीच विचारत नाही हे त्याला माहीत आहे. मग मी आत येऊन बसले आणि हळूहळू राग त्याच्यावरून सरकून माझ्यापाशी आला.

हे नीट लिहून ठेवायचंय, म्हणून थोडं मागे जाते.

आम्ही २२ लाख घेऊन निघालो, एका वर्षासाठी. दोघांच्या आठ वर्षांच्या बचतीतले. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय, ते भाडं गृहकर्जाच्या हप्त्याला जातं, त्यामुळे त्याला इथे धरलेलं नाही. २२ मधले ३ लाख हात न लावायचे. कोणाचं आजारपण, घरून अचानक बोलावणं, परतीचं तिकीट, एवढ्यासाठीच. ५ लाख विमानं, व्हिसा आणि विमा. उरले १४. त्याला ३६५ ने भागलं की रोजचे साधारण ३,८०० रुपये, दोघांचे मिळून. हा आकडा मला आता माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे.

३,८०० मध्ये जग फिरता येतं का, असं मैत्रिणी विचारतात. सगळं नाही येत. जिथे येतं तिथेच आम्ही चाललोय: श्रीलंका, मलेशिया, थायलंड, आता इथे, आणि पुढे जॉर्जिया. आणि येतं ते एका जागी थांबलं तरच. माझ्या वहीत प्रवासाचा दिवस थांबलेल्या दिवसाच्या दुप्पट महाग निघतो. बस, बॅगा, नव्या गावात पोचल्यावर पोटात भूक असताना समोर दिसेल तिथे जेवण. म्हणून एका ठिकाणी निदान तीन आठवडे. महिन्याच्या बोलीवर खोली घेतली की भाडं उतरतं आणि स्वयंपाकघर मिळतं. आमच्याकडे दोन लिटरचा कुकर आहे, बॅगेत सर्वांत जड तोच. इथल्या बाजारात सालं काढलेली मुगाची डाळ सहज मिळते, इथे ती गोडात घालतात. आम्ही खिचडी करतो. आठवड्यात चार वेळा तरी.

पैसे देशाबाहेर नेण्याचं गणित मी निघायच्या आधी महिनाभर केलं होतं. फॉरेक्स कार्डं दोघांच्या नावावर वेगळी, कारण टीसीएसची, म्हणजे परदेशी न्यायच्या पैशांवर बँक आधीच कापून घेते त्या कराची, मर्यादा माणशी मोजतात. आर्थिक वर्षाला ७ लाख होती, एप्रिलपासून १० झाली. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे शंभराला चार रुपयांहून जास्त. ते फक्त अडीअडचणीला. थायलंडमध्ये परक्या कार्डाने पैसे काढले की मशीन दर वेळी २२० बाट कापून घ्यायचं, पावणेसहाशे रुपये! तिथे एकदाच भरपूर काढायचे आणि दोघांच्या बॅगांत वाटून ठेवायचे. व्हिएतनामचा ९० दिवसांचा ई-व्हिसा, एकदाच आत यायचा, माणशी २५ डॉलर. हे सगळं मी जमवलं आणि मला त्याचा अभिमान आहे. अजूनही आहे.

पण यातच कुठेतरी वही माझी झाली, आणि वहीबरोबर पैसेही माझे झाले. दोघांनी सारखेच साठवलेले पैसे.

मार्चमध्ये मलेशियात पेनांगला होतो तेव्हा याने जॉर्ज टाऊनच्या एका दुकानातून जलरंगाचा ब्रश आणला. ६० रिंगिट, बाराशे रुपयांच्या आसपास. तो चित्रं काढतो. कॉलेजात काढायचा, मग नोकरीत सगळं सुटलं, आणि या वर्षात पुन्हा सुरू करायचं असं निघताना आम्हीच ठरवलं होतं. मी ब्रश हातात घेऊन म्हटलं, "कशाला?" आणि मग हिशोब करून दाखवला की हा एका दिवसाचा तिसरा हिस्सा आहे. एवढ्या वर्षात असे तीन ब्रश घेतले तर आपण एक दिवस लवकर घरी जाणार. मी सगळं दिवसांत मोजते. ती पद्धत मला अजूनही बरोबर वाटते, तीन देशांची तीन चलनं डोक्यात घोळवण्यापेक्षा सोपी आहे. त्या दिवशी मात्र मी ती त्याच्या अंगावर वापरली.

त्यानंतर तो कॉफी घेताना विचारायला लागला. "घेऊ का?" एक्केचाळीस वर्षांचा माणूस, बायकोला, कॉफीसाठी. माझ्या कानावर ते पडत होतं आणि मला वाटत होतं, किती समजूतदारपणे वागतोय.

आणि मी? कोलंबोत पहिल्याच आठवड्यात मशीनने विचारलं की रक्कम भारतीय रुपयांत वळवून कापू का. आपला रुपया दिसला म्हणून मी विश्वासाने 'हो' दाबलं, दोनदा. नेहमी स्थानिक चलनच निवडायचं असतं, 'हो' म्हटलं की त्यांचा दर लागतो. चौदाशे रुपये जास्त गेले. ते मी 'बँक चार्जेस'मध्ये लिहिले आणि पान उलटलं. कोणी विचारलं नाही, कारण विचारणारी मीच होते. त्याचे सोळाशे आणि माझे चौदाशे, यात फरक एवढाच की वही कोणाच्या हातात होती.

आज दुपारभर मला आई आठवत राहिली. सांगलीच्या घरी बाबा रात्री जेवणानंतर लाल बांधणीची चोपडी उघडायचे आणि आई ओट्याशी उभी राहून दिवसाचा खर्च सांगायची. मेथी दोन रुपये, कोथिंबीर आठ आणे. बाबांनी तिला कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. ते फक्त विचारायचे, "कशाला?" आणि आई भाजीत रुपया-आठ आणे वाढवून सांगायची. मी शेजारी अभ्यास करत बसलेली असायची आणि मला ते कळायचं, कारण बाजारात मी तिच्याबरोबर गेलेली असायची. पाचवीत तिने मला नवी कंपासपेटी आणली, पितळी कर्कटक असलेली. ती कुठून आली ते मी बाबांना सांगितलं नाही. आईने मला सांगू नको असं म्हटलं नव्हतं, तरी नाही सांगितलं. माझ्या घरात असं काही कधी होणार नाही हे मी त्याच वयात मनाशी पक्कं केलं होतं.

पंक्चर, औषधं, दाढीचं सामान, शहाळी. कोथिंबीर, आठ आणे.

संध्याकाळी त्याला हे सगळं सांगितलं. आईचंही. पंधरा वर्षांच्या संसारात ही कंपासपेटी त्याला माहीत नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला पैशांचं वाईट नव्हतं वाटत. तू पाच लाखाला तीनशेने भागशील, मग अडतीसशेने, आणि मला सांगशील तो दिवा किती दिवसांचा होता, ते ऐकायचं नव्हतं." मी खरोखर तसंच केलं असतं. दहा तासांचा दिवा. आत्ता लिहितानाही तो भागाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला.

आम्ही काही गोष्टी बदलायचं ठरवलंय. ३,८०० मधले ६०० बाहेर काढायचे, माणशी रोज ३००. हे न विचारायचे पैसे. वहीत जाताना एकच ओळ, दोघांची नावं आणि रक्कम, पुढे काही नाही. साठवून कोणी ब्रश घेईल, कोणी रोज कॉफी पिईल. जेवण, खोली, बस, तिकिटं हे ३,२०० मध्ये बसवायचं. बसेल, खिचडी एखाद्या दिवशी आणखी होईल. दुसरं, वहीत 'चूक' असा रकाना. त्यात लिहिलं की त्यावर बोलायचं नाही, दुसऱ्याने फक्त वाचायचं. आणि तिसरं त्याने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं: १ जुलैपासून वही त्याच्याकडे. महिना त्याचा, महिना माझा. म्हटलं खरं, आणि पोटात गोळा आला. त्याच्या बेरजा चुकतात. मागून मी गुपचूप तपासणार नाही, हे मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे मला स्वतःला नंतर वाचता येईल. २३१ दिवस उरलेत.

रात्री जेवणं झाल्यावर वही काढली. पंक्चर, औषधं, दाढीचं सामान आणि शहाळी, चारही ओळींवर रेघ मारली. ९ जूनच्या पानावर वीस हजार लिहिले होते, तेही खोडले. 'चूक'च्या रकान्यात कोलंबो आणि १,४०० रुपये आधी लिहिले, मग वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने लिहिलं: पाण्यात सोडलेला दिवा, ५,००,०००.

बेरीज तीच राहिली.

आत्ता तो गॅलरीत बसून सोमवारची नदी काढतोय, पेनांगच्या ब्रशने. कागद मोठा आहे, आमच्याकडचा नाही. मी विचारलेलं नाही.