ब्रेलमध्ये ‘आई’ हा पहिला शब्द नको

मराठी अंकलिपी उघडली की पहिल्या दोन-चार पानांतच ‘आई’ येते. कारण उघड आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून अवघडाकडे हे सूत्र डी.एड.ला शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. शब्द ओळखीचा, अक्षरं दोनच, जोडाक्षर नाही. यापेक्षा सोपं काय असणार?

आता हाच शब्द बोटाखाली घेऊन पाहा. ब्रेल ही बोटाने वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी. तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या घरात, सहा ठिपक्यांच्या जागा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) ‘आ’ म्हणजे ३-४-५ आणि ‘ई’ म्हणजे ३-५. ‘आ’मधला एक ठिपका काढला की ‘ई’ झाली. डोळ्याला या शब्दात दोन वेगळ्या आकृत्या दिसतात, पण नवशिक्या बोटाला एकच खरखर दोनदा लागते. म्हणजे सूत्र चुकलेलं नाही. ‘सोपं’ कशाला म्हणायचं ते मात्र डोळ्याने ठरवलेलं आहे. दृष्टिबाधित मुलांच्या साक्षरतेत सामान्य शिक्षणशास्त्र वापरताना बहुतेक गोष्टी इथेच अडतात. (गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. कित्येक घरांत मुलाची ओळख कोंकणी ‘आवय’शी असते, ‘आई’शी नाही. तेव्हा ‘ज्ञात’ काय, हेही घर पाहूनच ठरवावं लागतं.)

मग सुरुवात कुठून करावी? ज्यांच्यात किमान दोन ठिपक्यांचा फरक आहे अशा अक्षरांपासून. ग (१-२-४-५), ल (१-२-३), आ (३-४-५) आणि म (१-३-४) ही चार घ्या. यांतली कोणतीही जोडी एका ठिपक्यावर अडत नाही. आणि एवढ्यावर आग, गाल, लाल, माल, मला, आला हे शब्द होतात, शिवाय ‘मामा आला’ हे अख्खं वाक्यही होतं. पहिल्या आठवड्यात मुलाने स्वतःच्या बोटाने एक वाक्य वाचलं पाहिजे. महिनाभर सुटी अक्षरं चाचपत राहिलं तर वाचनाचा अर्थाशी संबंधच तुटतो. ‘न’ (१-३-४-५) मोहात पाडेल, कारण त्याने पुष्कळ शब्द होतात. पण तो ‘म’पासून एका ठिपक्यावर आणि ‘आ’पासूनही एकाच ठिपक्यावर आहे. पहिली चार अक्षरं अडखळल्याशिवाय वाचता येईपर्यंत त्याला थांबवा.

बाराखडीचं ओझं इथे जवळजवळ संपतं, आणि ही गोष्ट शिक्षकांना पुरेशी सांगितली जात नाही. ब्रेलमध्ये मात्रेचं वेगळं चिन्ह नाही. व्यंजनाच्या पुढच्या सेलमध्ये स्वर लिहिला की झालं. ‘मा’ म्हणजे म आणि आ. ‘कि’ म्हणजे आधी क, मग इ. जसं बोलतो तसंच. छापील मराठीत वेलांटी क-च्या आधी काढतात आणि उच्चारतात नंतर, तो गोंधळ इथे नाहीच. त्यामुळे ध्वनीवर आधारित वाचनपद्धती डोळस मुलांपेक्षा ब्रेलला अधिक चपखल बसते. बारा रूपं घोकून घेण्यात वेळ घालवू नका. एकच नियम वेगळा शिकवावा लागतो. व्यंजनातल्या ‘अ’नंतर लगेच स्वर आला तर मधला ‘अ’ लिहायचा. ‘मऊ’ म्हणजे म, अ, ऊ. मधला ‘अ’ गाळला तर ते ‘मू’ होतं. जोडाक्षरात हलन्त (फक्त ठिपका ४) व्यंजनाच्या आधी येतो, पाय मोडल्यासारखा नंतर नाही. छापील अक्षरं जाणणारे पालक घरी सराव घेताना हे हमखास उलटं सांगतात.

मानसशास्त्रज्ञ ब्रुनरने शिकण्याचे कृती, प्रतिमा आणि चिन्ह असे तीन टप्पे मांडले. त्याचा आधार घेऊन वर्गात मोठा सेल करतात. तीस अंड्यांच्या ट्रेमधून दोन बाय तीनचा तुकडा कापायचा, खळग्यांत लिंबं ठेवायची. एका ट्रेचे असे पाच तुकडे निघतात. ठिपक्यांचे क्रमांक समजायला हे उत्तम आहे, पण तीन-चार दिवसांपुरतंच. मोठं म्हणजे सोपं, हाही डोळ्याचा हिशेब. खऱ्या सेलमध्ये दोन ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे सगळा सेल बोटाच्या पेराखाली एकदम येतो. अंड्याच्या ट्रेवर तेच अक्षर हात फिरवून शोधावं लागतं. दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत. महिनाभर लिंबं मोजलेलं मूल कागदावर आलं की बोट सरकवण्याऐवजी ठिपके मोजत बसतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

मराठीत सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते ती काही ठराविक जोड्यांची. क (१-३) आणि ख (४-६). ब (१-२) आणि भ (४-५). ल (१-२-३) आणि ळ (४-५-६). प्रत्येक जोडीत आकार तोच, फक्त रांग वेगळी. कार्डावर एकटा ‘ळ’ उठवून ‘हे काय?’ असं विचारणं अन्यायाचं आहे; त्याचं उत्तर बोटाला कळूच शकत नाही. अशा कार्डावर अक्षराच्या दोन्ही बाजूंना भरलेला सेल, म्हणजे ‘ढ’ (सहाही ठिपके), उठवा. त्यानंतर ‘काल’ आणि ‘काळ’ एकाखाली एक द्या. दोन शेजारच्या सेलमधलं अंतर सुमारे सहा मिलिमीटर धरलं, तर ‘काल’मध्ये ‘आ’च्या उजव्या रांगेपासून पुढची उभी रेघ साडेतीन मिलिमीटरवर लागते आणि ‘काळ’मध्ये सहावर. मुलाला अक्षराचा आकार नव्हे, हे अंतर ओळखायला शिकवायचं आहे. माल-माळ, बाल-बाळ, गाल-गाळ याच सरावात येतात. गोव्यातल्या मुलांचा कान ‘ळ’ला चांगला सरावलेला असतो, त्याचा उपयोग करा. शब्द वाचून झाल्यावर वाक्यात घालून म्हणायला सांगा. चुकलं असेल तर कान पकडतो.

लिहिताना दुसरी अडचण येते. ब्रेल पाटीवर कागदाच्या मागून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. दिशा चुकली की ‘इ’चा (२-४) ‘ए’ (१-५) होतो, ‘म’चा ‘श’ होतो, ‘र’चा ‘ठ’ होतो. यावर ‘उलटी अक्षरं’ पाठ करून घेणं हा उपाय नव्हे. त्याने मुलाच्या डोक्यात दोन लिप्या तयार होतात. डावी-उजवी हे शब्दच सोडून द्या. हात ज्या दिशेने जातोय तिथे आधी लागणारी बाजू १-२-३ आणि नंतरची ४-५-६, एवढंच सांगा. लिहिताना आणि वाचताना हा नियम तसाच लागू पडतो. पर्किन्स ब्रेलर (ब्रेलचं टंकयंत्र) मिळत असेल तर लेखन त्यावर सुरू करावं, कारण उठलेलं अक्षर तिथल्या तिथे तपासता येतं. पाटीवर कागद काढल्याशिवाय चूक कळत नाही. पण ते यंत्र जवळजवळ पावणेपाच किलोचं असतं, कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमधून रोज नेता येत नाही. पाटी शिकवावीच लागते.

मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीचं ‘निकट विकासाचं क्षेत्र’ (मुलाला मदतीने जमतं, पण एकट्याने अजून जमत नाही तो टप्पा) आणि त्यावरून आलेली आधार देऊन हळूहळू काढून घेण्याची पद्धत इथे अगदी शब्दशः हातात असते. मुलाचा हात वरून धरून ओळीवर फिरवू नका. तसं केलं की बोटाचा दाब आणि वेग तुमचा होतो, मुलाला काहीच कळत नाही. तुमचा हात खाली, त्याचा वर. नंतर फक्त मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसता आवाज, शेवटी तोही नाही. बोट खालीवर घासायला लागलं तर ते अक्षर पक्कं झालेलं नाही असं समजा आणि मागे या. नखं पांढरी पडेपर्यंत दाबणाऱ्या मुलाला हलका हात शिकवा. दाबल्याने जास्त कळत नाही, कमीच कळतं.

डोळस मूल शाळेत येण्याआधीच ‘पणजी’, ‘म्हापसा’, ‘मडगांव’ या पाट्या शेकडो वेळा पाहतं. दृष्टिबाधित मुलाच्या वाट्याला अक्षरं आपोआप येत नाहीत, ती पेरावी लागतात. दप्तर, खुर्ची, डबा, मिठाची बरणी, सगळ्यावर ब्रेलची पट्टी लावा. गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्राच्या जागी पेटी ठेवा. रापणीची (किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेल्या मासेमारीची) गोष्ट असेल तर जाळ्याचा तुकडा, सुंभाची दोरी, ‘तिसऱ्या’ या शिंपल्यांतले दोन. पुढचं वाचन मिळवायला पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ब्रेलचा विभाग आहे.

कागद जाड, १४० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) घ्या. जूननंतर हवेतल्या ओलाव्याने तो मऊ पडतो आणि ठिपके दबून सपाट होतात. पुस्तकं एकावर एक न रचता उभी ठेवा, झाकणाच्या डब्यात, आणि सरावाची कार्डं पावसाळ्यात पुन्हा उठवायची तयारी ठेवा. घाम आलेलं बोट कागदावर अडकतं. वाचनाआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. एप्रिल-मे महिन्यांत घरी काजू असतील तर पालकांना आधीच सांगून ठेवा. ओल्या बियांच्या टरफलातल्या तेलाने पेराची साल जाते आणि पुढचे कित्येक दिवस त्या बोटाला ठिपके लागत नाहीत. बिया फोडायचं काम या मुलाला देऊ नये. दिलंच गेलं आणि तर्जनी सोलली, तर ती बरी होईपर्यंत वाचन मधल्या बोटाने किंवा दुसऱ्या हाताने चालू ठेवावं.