दोरे-चिंध्यांसाठी कापडी डबा

शिवायला बसलं की दोऱ्याची टोकं, कातरणं, लेसचे बोटभर तुकडे असं बरंच काही मशीनभोवती साचतं. त्यासाठी मी गत्त्याच्या एका गोल डब्याला कापड लावून घेतलंय. तो कायम मशीनच्या उजव्या हाताला असतो. झाकण मुद्दामच ठेवलेलं नाही, कारण झाकण उघडायचा कंटाळा आला की दोरा हमखास जमिनीवर जातो.

डबा १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर उंच आहे. हिशेबाने घेर ३१.४ येतो, तरी मी कागदाची पट्टी गुंडाळूनच मोजते. गत्त्याचे डबे कुठेतरी दबलेले असतातच. जोडावर २ सेंटिमीटर, तोंडातून आत वळवायला ३, तळाला दीड असं धरून साधारण ३३.५ बाय १६.५ चा तुकडा लागला.

कापड सुती घ्या, धुऊन खळ काढा, इस्त्री करा आणि सरळ धाग्यातच कापा. तिरकं कापलेलं कापड चिकटवताना ताणतं, आणि चौकडीचं असेल तर वाकडेपणा लांबूनही दिसतो. डब्यावर गडद छपाई असेल तर आधी पांढरा कागद लावून घ्या.

फेविकॉल डब्याला लावायचा, कापडाला नाही. कापडाला लावला की ते ओलं होऊन सुलट बाजूला डाग उमटतात. दोन बोटं रुंदीचा पट्टा लावायचा, कापड टेकवायचं, तळहाताने दाबत पुढे सरकायचं.

खरं काम आहे ते तोंडाच्या कडेचं. हात दिवसभर तिथेच लागतो, आणि गत्ता उघडा राहिला तर त्याच्या खरखरीत कडेत दोरे अडकून बसतात. गत्ता २ मिलिमीटर जाड असेल तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा सव्वा सेंटिमीटरने कमी भरतो. तेवढं जादा कापड आत वळवल्यावर चुण्या पाडतं. म्हणून वरच्या पट्टीत पाच-सहा ठिकाणी बारीक त्रिकोणी काप द्यायचे. मात्र काप कडेच्या अर्धा सेंटिमीटर आधीच थांबवायचे, म्हणजे कडेवर अखंड कापड राहतं. मग अंगठा आत आणि तर्जनी बाहेर धरून, जरा खाली ओढत कापड बसवायचं. कोरं टोक झाकायला आतून अस्तराची पट्टी चिकटवली की झालं. मला तर ही कड बघूनच समाधान वाटतं!

तळाला तसेच काप देऊन वरून ९.५ सेंटिमीटरचा गोल लावायचा. मी आत तळाशी जाड गत्त्याच्या दोन चकत्याही चिकटवल्या, त्यामुळे डबा पटकन कलंडत नाही. रात्रभर वाळू द्या.

भरला की निवडून घेते. तळहाताएवढे तुकडे पॅचवर्कच्या पिशवीत जातात. दोरे आणि बारीक चिंध्या टाचण्यांच्या उशीत भरते. फक्त त्यात तुटकी सुई राहिली नाही ना, ते आधी चुंबक फिरवून बघते.