धाय मोकलून

'धाय मोकलून रडणे', वाक्यात उपयोग करा, हे शाळेत सगळ्यांनीच लिहिलंय, पण त्यातला धाय एकटा कुठे भेटलाय का कुणाला? धाय म्हणजे मोठ्याने रडणं, आक्रोश, आणि मोकलणं म्हणजे मोकळं सोडणं. समोरच्या गुजराती बेन 'मोकली आपो' म्हणतात, पाठवून द्या या अर्थाने, त्यातलाच हा. आपल्याकडे तो जवळजवळ या रडण्यापुरताच उरलाय.

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमधले काका गेले. काकू गप्पच. जवाहरबाग स्मशानभूमीतून माणसं परत आली, आम्ही मजल्यावरच्यांनी पिठलं-भात नेऊन दिला, भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या तरी ह्या आपल्या "चहा टाकू का" विचारतायत. कुजबुज झालीच, "रडल्या नाहीत हो, रडायला हवं." मग परवा गॅसवाला आला, कोड सांगा म्हणाला, आणि कोड जातो काकांच्या मोबाईलवर. काकूंनी तो कपाटातून काढला, चष्मा लावला, एकेक आकडा नीट वाचून दाखवला आणि शेवटचा आकडा म्हणता म्हणता जे काही सुटलं ना, त्याला मोकलणंच म्हणायचं, दुसरं क्रियापद नाही. गॅसवाला बिचारा सिलेंडर तसाच धरून उभा.

पेपरवाल्यांचं मात्र रोज एकच, 'कुटुंबीयांनी हंबरडा फोडला'. हंबरणं गायीचं, वासरू दिसलं नाही की करते ते, केवढा जीव आहे त्यात, आणि आपण शिक्का मारल्यासारखा वापरतो. शिवाय 'फोडला' म्हटलं की ठरवून केल्यासारखं वाटतं, फुटतो तो. आकांत पण असाच रडण्याओरडण्याचा, तो आम्ही ठाणेकरांनी लोकलला वाहिलाय, जिवाच्या आकांताने पळून फास्ट पकडली म्हणे!

दुखवटा त्यातल्या त्यात बरा, घरात चालतो नि सरकारातही. लतादीदी गेल्या, ६ फेब्रुवारी २०२२, तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. घरी लोक वर्षभर सण करत नाहीत, काकूंच्याकडे यंदा गणपतीचं काय यावर आत्ताच दोन दिरांचं वाजलंय.

आणि शोकाकुल हा शब्द मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तो फक्त फ्लेक्सवर असतो. नाक्यावर काकांचा लागलाय, खाली 'शोकाकुल' म्हणून सात-आठ जणांचे फोटो, गॉगल लावलेले पण आहेत त्यात. संध्याकाळी काकूंना घेऊन बँकेत गेले तेव्हा त्या तिथे थांबून म्हणाल्या, "ह्यांना ओळखत तरी होते का गं हे?"