तिखट कुठं लागतं?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३ ला टेकला की पंखे नुसती गरम हवा ढवळत बसतात. आणि अशा भर दुपारी ताटात काय, तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. बाहेर आग, तोंडातही आग.

चटणीचं तंत्र साधं. पाव किलो दाणे मंद आचेवर साल तडकेस्तोवर भाजायचे. घाई केली तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. साल पाखडून, दाणे कोमट असतानाच दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, मीठ घालून उखळात कुटायचं. तेल सुटून मुठीत गोळा धरला की थांबायचं. मिक्सर थांबून थांबून फिरवला तर चालतो. चालतो, इतकंच. हे सुटलेलं तेलच खरं कारभारी, कारण मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. तांब्याभर पाणी ढोसूनही आग हटत नाही ती त्यामुळंच. दही मात्र कामाला येतं. त्यातलं केसिन हे दुधाचं प्रथिन कॅप्सायसिनला धरून घेऊन जातं.

जिभेवर हे कॅप्सायसिन चिकटतं टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ मध्ये शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. खरं तर हे प्रथिन म्हणजे चेतापेशीवरचं दार, ते उष्णतेसाठी आहे आणि उघडतं साधारण ४३ अंशांना. हा आकडा सोलापूरकराला वेगळा सांगायला नको! कॅप्सायसिन आलं की ते तोंडातल्या नेहमीच्या उबेलाच उघडतं, कॅल्शियम-सोडियम आत घुसतात आणि मेंदूला वर्दी जाते: भाजलं. म्हणजे तिखट ही चव नव्हेच, खोटी वर्दी आहे. पक्ष्यांचं हेच प्रथिन जरा वेगळं, कॅप्सायसिनला दाद न देणारं. म्हणून पोपट मिरची पेरूसारखी खातो.

इथवर सगळं रसायन आणि वीज. वर्दी पोचली, पण मग 'हाऽऽ' कुणाला होतं, आणि का? तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस यांनी १९५६ मध्ये आणि जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५९ मध्ये सांगितलं, की संवेदना म्हणजेच मेंदूतली घडामोड, दुसरं काही नाही. त्यावर तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांची हरकत मोठी चिवट आहे. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल, हे ठरवताना 'गरम लागणं' आपण माणसाच्या खात्यावर टाकलं आणि मोकळे झालो. आता हिशोब त्याच खात्याचा निघालाय. वेदनेतून 'दुखणं' काढून ठेवायचं कुठं? मागं उरतं काय?

हरकत पटते. पण म्हणून लगेच आत्म्याला बोलवायची गरज नाही. चमचाभर दह्यानं जिची समजूत निघते, ती जाणीव देहापासून फार लांब राहत नसावी.

वटवाघूळ असणं कसं असतं, असं तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये विचारलं होतं. आपल्याकडं वटवाघळापेक्षा पोपट जवळचा. मिरची खाताना त्याला आतून काय वाटतं? त्याचं प्रथिन माहीत आहे, बाकी त्यालाच विचारायचं. विचारलं, की तो 'विठू विठू' म्हणतो.