नरक्याची पानं आणि कोल्हापूरचा पाऊस
आज बाहेर धो धो पाऊस आणि टेबलावर आंबा घाटातली नरक्या या औषधी झाडाची पानं (रीतसर परवानगीची, हो!). या हवेत पानं सावलीत वाळेपर्यंत बुरशी धरते. शिवाय ओल्या पानातली एन्झाइम्स रसायनं बदलत राहतात. म्हणून तोडल्या तोडल्या द्रव नायट्रोजन, नाहीतर सरळ ४० अंशांचा ओव्हन.

पुढचं ठरलेलं: १०० मिलिग्रॅम पूड, १ मिली ८० टक्के मिथेनॉल, १५ मिनिटं सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र), सेंट्रिफ्यूज, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, मग एलसी-एमएस (रसायनं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र). पॉझिटिव्ह मोडमध्ये (रेणूला धन भार देऊन) कॅम्प्टोथेसिन, म्हणजे नरक्यातलं कर्करोगविरोधी रसायन, ३४९ या वस्तुमानाला दिसतं. पण नुसत्या वस्तुमानावर नाव ठोकू नका राव! स्टँडर्डशी (त्याच रसायनाच्या शुद्ध नमुन्याशी) यंत्रातून बाहेर पडायची वेळ आणि रेणूचे तुकडे, दोन्ही जुळायला हवेत. आणि ब्लँक (पानांची पूड नसलेला नुसता द्रावक) लावाच. प्लॅस्टिकच्या नळीतलं थॅलेटही (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) ऐटीत आलेखावर पीक (टोक) काढतं.